सरोवराकाठची द्राक्षे आणि बागाईतदाराचा हक्क

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात मी बाजारपेठेचे प्रकार शिकवीत होतो. विकणारे पुष्कळ आणि घेणारा एकच, अशी अवस्था असली म्हणजे मालाची किंमत कशी ठरते, याची आकृती फळ्यावर काढून झाली आणि रिवाजाप्रमाणे ‘काही शंका?’ असे मी विचारले. दिंडोरी तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हे आमच्या घरी झालंय.”

त्याच्या वडिलांनी खाण्याच्या द्राक्षांची बाग मोडून दोन एकरांत वाइनच्या द्राक्षांची लागवड केली होती. खरेदीचा करार झाला होता. दोन हंगाम माल गेला, पैसेही हाती आले. तिसऱ्या हंगामात कारखान्याच्या टाक्या आधीच भरलेल्या होत्या. माल नको, असा निरोप आला. वाइनची द्राक्षे लहान मण्यांची, बियांची आणि जाड सालीची असतात. ती खाण्यासाठी बाजारात कोणी घेत नाही. घड वेलीवरच सुकले आणि पुढच्या वर्षी वडिलांनी बाग मुळासकट काढून टाकली. करारात भाव लिहिलेला होता. माल न उचलल्यास काय, हे मात्र लिहिलेले नव्हते.

२००८ नंतरच्या मंदीच्या काळात नाशिक जिल्ह्यातील अनेक बागाईतदारांच्या वाट्याला हा अनुभव आला. दोष कोणी मंदीला दिला, कोणी कारखानदारांना, तर कोणी भराभर लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांना. परंतु हा पेच काही एकट्या नाशिकचा नव्हता. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील एका सरोवरप्रदेशात द्राक्ष पिकविणाऱ्यांपुढे तो सुमारे पन्नास वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्यांनी तो काही अंशी सोडविलाही. त्या अनुभवातून आपण काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सरोवरांची ऊब

न्यूयॉर्क म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारतींचे शहर उभे राहते. त्या शहरापासून वायव्येला काही तासांच्या अंतरावर, त्याच राज्याच्या पोटात, अकरा अरुंद व लांबट सरोवरे दक्षिणोत्तर पसरलेली आहेत. नकाशावर ती हाताच्या बोटांसारखी दिसतात, म्हणून ह्या भागाचे नाव ‘फिंगर लेक्स’ असे पडले. हिमयुगातील बर्फाच्या प्रचंड थरांनी जुन्या नदीखोऱ्यांना खरवडून ही सरोवरे कोरली. त्यांतील सेनेका व कायुगा ही दोन सर्वांत मोठी. प्रत्येकीची लांबी साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. सेनेका सरोवराची खोली सुमारे १८८ मीटर भरते.

ही खोली तेथील शेतीच्या दृष्टीने फार मोलाची ठरली आहे. हिवाळ्यात ह्या प्रदेशात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. एवढ्या थंडीत द्राक्षवेलीचे डोळे मरतात, खोडेही तडकतात. परंतु खोल सरोवरातील पाणी उन्हाळ्यात साठविलेली उष्णता हिवाळाभर हळूहळू सोडीत राहते आणि ते क्वचितच संपूर्ण गोठते. त्यामुळे काठावरच्या उतारांवरील हवा आतल्या पठारापेक्षा काही अंशांनी उबदार राहते. वसंतात ह्याच्या उलट घडते. पाणी अजून गार असल्यामुळे वेलीला फूट उशिरा येते आणि उशिराच्या हिमकडाक्यातून कोवळी पालवी बहुधा वाचते. ‘बहुधा’ म्हणावयाचे कारण असे की, १८ मे २०२३ रोजी पडलेल्या हिमकडाक्याने तेथील कित्येक बागांची पालवी जाळून टाकली. गारपिटीची रात्र जागून काढणाऱ्या आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला त्या सकाळची कल्पना सहज करता येईल.

ह्या हवामानाने तेथल्या वाइनचे स्वरूपही ठरविले आहे. उन्हाळा लहान आणि रात्री थंड. त्यामुळे द्राक्षांत आंबटपणा टिकून राहतो. पांढऱ्या वाइनला तो हवा असतो. मूळच्या जर्मनीतील ‘रीसलिंग’ ह्या जातीने ह्या प्रदेशाला नाव मिळवून दिले ते त्यामुळेच. तांबड्या वाइनची गोष्ट वेगळी आहे. तिचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. साल पूर्ण पिकण्यास दीर्घ ऊन लागते. ते ऊन येथे दरवर्षी मिळेलच अशी शाश्वती नाही. म्हणून ‘काबर्ने फ्रां’ आणि ‘पीनो न्वार’ ह्या लवकर पिकणाऱ्या जाती लावल्या जातात आणि त्यांची वाइन हलकी उतरते. ज्या वर्षी ऊन चांगले पडते त्या वर्षी तांबडी वाइन नाव काढते. एरवी पांढरी घर चालविते.

नाकारलेला तज्ज्ञ

ह्या उतारांचा इतिहास वाइनपेक्षा जुना आहे. सेनेका आणि कायुगा ही मूळ रहिवाशांच्या दोन जमातींची नावे होत. १७७९ साली वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून जनरल सुलिव्हनच्या फौजेने त्यांची गावे, मक्याची शेते आणि फळबागा जाळून प्रदेश उजाड केला. ज्या भूमीच्या सुपीकतेची आज वाखाणणी होते, ती पहिल्या बागाईतदारांकडून अशा रीतीने हिरावून घेतलेली आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पुढे १८२९ मध्ये क्यूका सरोवराच्या टोकाशी असलेल्या हॅमंड्सपोर्ट गावी विल्यम बॉस्टविक नावाच्या धर्मोपदेशकाने द्राक्षवेल लावले. १८६० मध्ये त्याच परिसरात वाइनची पहिली मोठी कंपनी निघाली आणि १८८० मध्ये टेलर कंपनीची स्थापना झाली. १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या काळात टेलर कंपनी द्राक्षरस आणि धर्मविधीची वाइन विकून तगली.

ही सारी वाइन अमेरिकेतील देशी द्राक्षांची होती. ‘कॉनकॉर्ड’, ‘कटॉबा’ ह्या जाती थंडीला दाद देत नाहीत, परंतु त्यांच्या रसाला एक रानवट वास असतो. युरोपातील उंची जाती येथे जगणार नाहीत, असे सर्व जाणत्यांचे ठाम मत होते. ते मत खोडून काढले कॉन्स्टान्टिन फ्रँक ह्या युक्रेनमधून आलेल्या द्राक्षतज्ज्ञाने. १९५१ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याचे वय पन्नाशी उलटलेले होते आणि त्याला इंग्रजी धड येत नव्हते. जिनिव्हा गावच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात ह्या विद्वानाला काम मिळाले ते खुरपणीचे. युक्रेनमध्ये याहून कडक थंडीत आपण ह्याच जाती वाढविल्या आहेत, हे त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. शेवटी शार्ल फूर्निए ह्या फ्रेंच वाइनतज्ज्ञाने त्याला आपल्या कारखान्यात घेतले. थंडी सोसणारे आणि लाकूड लवकर पक्व करणारे खुंट निवडून फ्रँकने त्यांवर युरोपीय जातींची कलमे बांधली आणि ती कडाक्याच्या हिवाळ्यांतून जगवून दाखविली. १९६२ मध्ये क्यूकाच्या काठी त्याने स्वतःची वाइनशाळा काढली.

डॉगरिजच्या खुंटावर कलम करून क्षारयुक्त पाण्यावर मात करणाऱ्या महाराष्ट्रातील बागाईतदाराला खुंटाचे महत्त्व सांगावयास नको. येथे मुद्दा निराळा आहे. फ्रँकचे तंत्र १९६२ पासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, तरी पुढची पंधरा वर्षे त्या प्रदेशातील सामान्य बागाईतदाराची स्थिती तसूभरही सुधारली नाही. उत्तम वाण, उत्तम जमीन, उत्तम ज्ञान ही सर्व असूनही शेतकरी दरिद्री राहू शकतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार केला पाहिजे.

घेणारे मोजके

कारण असे की, त्याचा माल घेणारे मोजके होते. संपूर्ण राज्यात वाइन करणारे कारखाने पंचविसांच्या आत आणि त्यांतील दोन-तीन प्रचंड. द्राक्ष हा नाशवंत माल. तोडणी दहा दिवस पुढे ढकलली तर साखर, आंबटपणा आणि भाव ही तिन्ही हातची जातात. वेल लावल्यापासून पीक येईपर्यंत तीन-चार वर्षे भांडवल अडकते. एकदा लावलेली बाग कापूस किंवा भुईमुगासारखी दुसऱ्या वर्षी बदलता येत नाही. एका बाजूला थांबता न येणारा विक्रेता आणि दुसऱ्या बाजूला वाटेल तितके थांबू शकणारा खरेदीदार, अशी ही सौद्याची बैठक होती. अशा सौद्यात जो भाव ठरतो त्याला बाजारभाव म्हणणे ही भाषेची उदारता आहे.

त्यातच १९७७ साली टेलर कंपनी कोकाकोला कंपनीने विकत घेतली. पुढच्याच वर्षी ‘टेलर कॅलिफोर्निया सेलर्स’ ह्या नावाने कॅलिफोर्नियातील द्राक्षांची वाइन बाजारात आली. न्यूयॉर्कच्या सरोवराकाठी शंभर वर्षे कमावलेले नाव आता तीन हजार मैलांवरच्या द्राक्षांना चिकटविण्यात आले. देशी जातींची मागणी घसरली आणि स्थानिक बागाईतदारांचे भाव कोसळले. कंपनी १९८३ मध्ये सीग्रॅमकडे गेली, नंतर आणखी दोनदा हात बदलले आणि १९९५ मध्ये हॅमंड्सपोर्टचा कारखाना बंद पडला. टेलर घराण्यातील वॉल्टर टेलर याने आपल्या स्वतंत्र वाइनच्या बाटलीवर स्वतःचे आडनाव छापले, तेव्हा कंपनीने त्याला न्यायालयात खेचले आणि आडनाव वापरण्यास मनाई मिळविली. त्याने बाटल्यांवरील ते नाव काळ्या शाईने खोडून माल विकला. खोडलेल्या नावाच्या त्या बाटल्या गिऱ्हाइकांनी हौसेने नेल्या, ही गोष्ट अलाहिदा.

एक लहानसा कायदा

ह्या पडझडीच्या आरंभीच, १९७६ साली, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने एक लहानसा कायदा केला आणि गव्हर्नर ह्यू केरी यांनी त्यावर स्वाक्षरी केली. हा ‘शेतवाइनशाळा कायदा’ म्हणता येईल. राज्यात पिकलेल्या द्राक्षांपासून वर्षाला पन्नास हजार गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे एक लाख नव्वद हजार लिटरपर्यंत, वाइन करणाऱ्या बागाईतदाराला अल्प शुल्कात परवाना मिळू लागला. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी की, आपली वाइन त्याला आपल्या शेतावर थेट गिऱ्हाइकाला विकण्याची मोकळीक मिळाली. तोपर्यंतची व्यवस्था मोठ्या कारखानदाराच्या सोयीची होती. परवाना महाग होता आणि थेट विक्रीवर बंधने होती, त्यामुळे घाऊक व्यापाऱ्यावाचून गती नव्हती.

ह्या कायद्याने सरकारच्या तिजोरीतून कोणाला अनुदान दिले नाही, कर्ज माफ केले नाही की हमीभाव बांधून दिला नाही. बागाईतदारापुढे पूर्वी एकच दार होते, तेथे त्याने दुसरे उघडून दिले. त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. १९७७ मध्येच सेनेका सरोवराच्या काठी पहिली शेतवाइनशाळा निघाली. १९८३ मध्ये कायुगाच्या काठावरील लहान वाइनशाळांनी एकत्र येऊन पर्यटकांसाठी एक सामाईक ‘वाइनमार्ग’ आखला; अमेरिकेतील अशा प्रकारच्या पहिल्या संघटित प्रयत्नांत त्याची गणना होते. आज न्यूयॉर्क राज्यात चारशेंहून अधिक वाइनशाळा आहेत आणि त्यांतील शंभरावर ह्या सरोवरप्रदेशात आहेत. फ्रँकने सिद्ध केलेले तंत्र सर्वदूर पसरले ते ह्या कायद्यानंतर. चांगल्या द्राक्षाचा चांगला पैसा आपल्याच हाती राहणार, अशी खात्री पटल्याखेरीज शेतकरी महागडे कलम कशासाठी लावील?

आणखी एक फळ अनपेक्षित होते. सेनेका सरोवराजवळच्या मिठाच्या जुन्या पोकळ्यांत द्रवरूप गॅस साठविण्याची एक योजना पुढे आली, तेव्हा काठावरच्या वाइनशाळांनी तिला कसून विरोध केला आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तिला परवानगी नाकारली. सरोवराच्या पाण्यावर ज्यांची उपजीविका आहे अशी शेकडो स्वतंत्र कुटुंबे काठावर असल्यावर सरोवराला राखणदार मिळतात.

अर्थात हे चित्र एकरंगी नाही. वाइनशाळा काढण्यास भांडवल लागते आणि ते ज्यांच्यापाशी नव्हते अशा कित्येक जुन्या बागाईतदारांच्या बागा ह्याच काळात विकल्या गेल्या. छाटणी-तोडणी करणाऱ्या मजुरांच्या वाट्याला हा उत्कर्ष फार उशिरा आला. न्यूयॉर्कमधील शेतमजुरांना संघटित होऊन सौदा करण्याचा आणि जादा कामाच्या वेतनाचा कायदेशीर हक्क मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. बागाईतदाराला सौद्याची शक्ती देणारा कायदा १९७६ चा आणि मजुराला ती देणारा २०१९ चा. ह्या त्रेचाळीस वर्षांच्या अंतराचे स्पष्टीकरण कोणत्याही पाठ्यपुस्तकातील आकृतीत सापडत नाही.

आपण काय घ्यावे?

आता आपल्याकडे वळू. गंगापूर धरणाच्या जलाशयाकडे पाहणाऱ्या टेकड्यांवरही आज वाइनच्या बागा आहेत. परंतु येथे थंडीचे भय नाही. वर्षातून दोन छाटण्या करून, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी, आपण हंगामालाच वळण लावले आहे. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानांची योजना आखली. ह्या धोरणाने वाइन उद्योग उभा राहिला, हे निःसंशय. परंतु त्याची सवलत कारखान्याला होती. द्राक्ष पिकविणाऱ्याच्या सौद्याच्या शक्तीचा विचार त्यात दुय्यम राहिला. कारखाने भराभर निघाले तेव्हा लागवड वाढली, टाक्या तुंबल्या तेव्हा तोटा शेतावर आला. नफ्याची वाटणी वरून खाली आणि तोट्याची मात्र थेट तळाशी, असा हा क्रम होता.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयांच्या बंदीचे मार्गदर्शक तत्त्व घातलेले आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावात, आपल्या आळीत पाहिली आहेत. शेतकऱ्याच्या नावाने मद्याचा प्रसार कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो हसण्यावारी नेता येणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा हाच वाद पेटला होता. गंमत अशी की, न्यूयॉर्कमध्येही किराणा दुकानांतून वाइन विकण्यास आजही परवानगी नाही. तेथील शेतवाइनशाळा त्यावाचून वाढल्या. म्हणजे बागाईतदाराचे हित आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मद्याची विक्री ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत. पिणाऱ्यांची संख्या न वाढविताही पिकविणाऱ्याचा वाटा वाढविता येतो. माझा आग्रह ह्या दुसऱ्या गोष्टीपुरताच आहे.

दुसरे असे की, दुसरे दार उघडण्याचा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या रूपाने विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊस पिकविणाऱ्याला कारखान्याचा मालक केले, ते न्यूयॉर्कच्या कायद्याच्या पाव शतक आधी. खाण्याच्या द्राक्षांच्या निर्यातीसाठी बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभी केली. सांगली-तासगावचा शेतकरी भाव पडला की द्राक्षाचा बेदाणा करतो. तोही एक प्रकारे थांबण्याची शक्ती मिळविण्याचाच उपाय आहे. खुद्द न्यूयॉर्क राज्यात ईरी सरोवराकाठच्या कॉनकॉर्ड उत्पादकांनी सहकाराचा मार्ग धरला आणि द्राक्षरसाची प्रसिद्ध वेल्च कंपनी १९५६ पासून उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची झाली. सहकारी मालकी असो की शेतावरची छोटी वाइनशाळा, दोहोंचे इंगित एकच आहे. एका खरेदीदाराने नाही म्हटले तरी माल कुजू नये.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात असे वाटते. वाइनच्या द्राक्षांचा खरेदी करार नोंदलेला असावा आणि माल न उचलल्यास भरपाई किती, हे त्यात भावाइतक्याच ठळकपणे लिहिलेले असावे. स्वतःच्या बागेतील द्राक्षांपासून ठरावीक मर्यादेत प्रक्रिया करू इच्छिणाऱ्या बागाईतदाराला किंवा अशा बागाईतदारांच्या गटाला परवान्याचे शुल्क आणि कचेरीतील खेटे पेलतील एवढेच असावेत. ही प्रक्रिया रसाची असो, बेदाण्याची असो की वाइनची. तिसरी गोष्ट, ह्या सवलतींचा लाभ घेणाऱ्याने बागेतील मजुरांना किमान वेतन दिल्याचा दाखला द्यावा. न्यूयॉर्कच्या मजुरांना त्रेचाळीस वर्षे थांबावे लागले. आपण त्यांची ती चूक तरी गिरवू नये.

तो विद्यार्थी पुढे पदवीधर झाला आणि आता एका पतसंस्थेत नोकरी करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा वडिलांच्या बागेविषयी विचारले. तेथे पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली आहेत, असे त्याने सांगितले. वाइनचा करार पुन्हा आला तर? “आला होता, सर,” तो म्हणाला. “वडिलांनी आधी विचारलं, माल नाही उचललात तर काय? तो माणूस पुन्हा आला नाही.” वडिलांचा हा प्रश्न यापुढे कायद्याने विचारला पाहिजे. एकट्या शेतकऱ्याने तो विचारला की समोरचा निघून जातो. कायद्याने विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागेल.